लिमा, कुस्को आणि ला पाझ : प्रवासाचा क्रम कसा ठेवावा?

प्रश्न : येत्या जूनमध्ये मी वडिलांसह पेरू आणि बोलिव्हियाला जाणार आहे. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे आणि जुनी बांधकामे हा त्यांच्या आवडीचा विषय आहे. लिमा, कुस्को, माचू पिक्चू (डोंगरावरील इंकाकालीन नगर) आणि ला पाझ ही ठिकाणे ठरली आहेत. सुरुवात ला पाझपासून केली तर चालेल का, आणि सर्वाधिक वेळ कोठे द्यावा?

उत्तर १ : ला पाझपासून सुरुवात मुळीच करू नका. तेथील विमानतळ एल आल्टो येथे ४,००० मीटरहून अधिक उंचीवर असून थेट तेथे उतरणाऱ्याला धाप, डोकेदुखी आणि निद्रानाश यांचा त्रास सहज होतो. लिमाहून कुस्कोला (सुमारे ३,४०० मीटर) विमानाने गेलात, तरी त्याच दिवशी कमी उंचीवरच्या ओयान्तायतांबो या गावी मुक्कामास जा. माचू पिक्चूकडे जाणारी रेल्वे तेथून मिळते, आणि माचू पिक्चू तर कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटरने खाली आहे. कुस्को परतीच्या वाटेवर निवांत पाहावे आणि ला पाझ शेवटी ठेवावे. निघण्यापूर्वी वडिलांना डॉक्टरांकडे अवश्य न्या.

उत्तर २ : वरील क्रम योग्यच आहे. वेळ मात्र कुस्कोला द्या. माचू पिक्चू अप्रतिम आहे, पण तेथे ठरलेल्या वेळी ठरलेल्या मार्गानेच फिरावे लागते. कुस्कोत, स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तेथे राज्य करणाऱ्या इंकांच्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींसमोर मी कितीतरी वेळ उभा होतो. चुना न वापरता दगडाला दगड असा भिडवला आहे की सांधा शोधावा लागतो, आणि भिंती किंचित आत कललेल्या आहेत. स्पॅनिश विजेत्यांच्या काळात याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ उभारला गेला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, इंकांच्या भिंती मात्र टिकल्या. ते पाहताना कौतुकाइतकीच हळहळही वाटली.

उत्तर ३ : जूनमध्ये लिमाचे आकाश करडे असते, म्हणून अनेक जण ते शहर घाईने सोडतात, ते मला पटत नाही. मिराफ्लोरेस भागातील वाका पुक्याना हा इंकांच्या कित्येक शतके आधीचा मातीच्या विटांचा पिरॅमिड वडिलांना जरूर दाखवा. फडताळातील पुस्तकांसारख्या उभ्या रचलेल्या त्या विटांमध्ये भूकंपाचे हादरे सोसण्यापुरती फट ठेवलेली आहे. ला पाझमध्ये चढ फार आहेत, तेव्हा वडिलांना चालवू नका. २०१४ मध्ये सुरू झालेली केबल कार तेथील लोकांची रोजची वाहतूक आहे, आणि तिच्यातून शहराचे संपूर्ण खोरे बसल्या जागी दिसते.