प्रॉपेलर 'बसवणे', स्पिनरची टोपी आणि 'बदली' पंखा

वायुवेडा
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. आमच्या भागीदारीत १९४६ सालचं पायपर जे-३ कब विमान आहे. पिवळंधमक, दोन आसनी, ६५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. यंदा त्याचा लाकडी प्रॉपेलर आणि स्पिनर (प्रॉपेलरच्या मधोमध पुढून बसणारं झाकण) बदलला. काम परवानाधारक मेकॅनिकने केलं, आम्ही हाताखाली होतो. हकिकत मराठीत लिहायला घेतली आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो. प्रॉपेलर, ब्लेड, हब, स्पिनर, टॉर्क, ट्रॅक, प्रत्येक ओळीत दोन-दोन इंग्रजी शब्द. संपादक काकूंचा आग्रह की जमेल तिथे मराठी शब्द हवेत. आणि शीर्षकातल्या 'रिप्लेसमेंट'ला काय लिहू? 'पर्यायी प्रॉपेलर' चालेल ना?

कोशकिडा
पुस्तकी शब्द 'प्रचालक'. हिंदी परिभाषेत 'नोदक'. दोन्ही शब्द निर्दोष आणि दोन्ही कुणाच्याही तोंडी नाहीत. 'प्रचालक बसवला' वाचलं की मला सहकारी बँकेवर प्रशासक नेमल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा सरळ 'पंखा' लिहा. ब्लेडला 'पातं' आहेच, घरातल्या पंख्यालाही आपण तेच म्हणतो.

पानापकड
'पंखा'ला माझंही मत. नोकरी विमानांच्या वर्कशॉपमध्येच गेली. साहेब लोक 'प्रॉप' म्हणायचे, आम्ही 'पंखा'.

पण 'पर्यायी' अजिबात लिहू नका. विमानाच्या कागदपत्रांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा दुसरा पंखा आणून लावला तर तो बदली. मेकॅनिकने तपासायचा, चढवायचा, नोंदवहीत लिहून सही करायची, झालं. पर्यायी म्हणजे वेगळ्या बनावटीचा किंवा वेगळ्या मापाचा. त्यासाठी त्या विमानाच्या मान्यतापत्रातली यादी बघावी लागते. कोणते पंखे चालतील, किती व्यासाचे, आणि विमान जागेवर उभं असताना पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे किती ते किती यायला हवेत, हे सगळं त्यात असतं. यादीत नसेल तर वेगळी मंजुरी काढा. तुमचा कुठला होता?

वायुवेडा
सेन्सेनिच कंपनीचा ७२ सीके ४२ काढला आणि तोच नवा आणला. म्हणजे 'बदली'. पण 'बदली पंखा' म्हटल्यावर गडचिरोलीला बदली झाल्यासारखं नाही का वाटणार?

कोशकिडा
वाटू दे. 'बदली कामगार', 'बदली खेळाडू' आपण बिनदिक्कत म्हणतो, त्यात 'त्याच जागेवर त्याच कामाला दुसरा' हाच अर्थ आहे. तुम्हाला नेमका तोच हवाय. फारच खटकत असेल तर 'बदलून घातलेला पंखा'.

सुलभा_नाशिक
७२ आणि ४२ म्हणजे काय? की नुसता कंपनीचा नंबर?

पानापकड
७२ इंच व्यास, ४२ इंच पिच. पंखा एका फेऱ्यात, घसर धरली नाही तर, ४२ इंच पुढे जाईल असा त्याच्या पात्यांचा कोन. आकडेमोड करून बघा. हे इंजिन मिनिटाला २३०० फेऱ्यांचं. २३०० गुणिले ४२ इंच म्हणजे तासाला साधारण ९२ मैल. कबचा सर्वाधिक वेग ८७ मैल. मधला फरक घसरीत गेला. पिच कमी घेतला तर विमान झटपट चढतं पण सरळ उड्डाणात मागे पडतं, जास्त घेतला तर उलट. ७२ ४२ च्या जागी ७२ ४४ आणला असता तर तो दिसायला तसाच, पण मग यादी काढा!

कोशकिडा
'पिच'ला मराठी हवाच असेल तर मळसूत्राकडे जा. जहाजाच्या प्रॉपेलरला 'मळसूत्री पंखा' म्हणतात ते उगाच नाही, आट्यासारखाच तो पाण्यात शिरत जातो. पण फिटर लोक आट्याच्याही पिचला 'पिच'च म्हणतात. तुम्ही का सोडता?

सुलभा_नाशिक
आणि टॉर्कला 'पीळ'? पाठ्यपुस्तकातल्या 'आघूर्ण'पेक्षा तरी बरा.

पानापकड
नको. 'पीळ' पात्यासाठी राखून ठेवा. पातं मुळाशी उभं असतं आणि टोकाकडे चपटं होत जातं, कारण टोक जास्त वेगाने फिरतं. त्याला दुसरा शब्दच नाही. बोल्टचा 'टॉर्क'च लिहा, किंवा 'आवळणी'. लाकडी पंख्यात आवळणीवर एक परिच्छेद हवाच. धातूचा पंखा एकदा आवळला की निवांत. लाकूड मात्र हवेबरोबर फुगतं-आकसतं. पावसाळ्यात फुगलं की बोल्टांनी दाबलेल्या पुढच्या प्लेटखालचे तंतू चेपतात, कोरड्या हवेत आकसलं की बोल्ट सैल. म्हणून नवा पंखा पहिल्या उड्डाणानंतर परत तपासायचा आणि पुढे ऋतू बदलला की दर वेळी. हब-बिब सोडा, सगळ्यात महत्त्वाचं हेच.

वायुवेडा
सोडतोय कुठे, हबवरच अडलोय. आमच्या इंजिनाचा शाफ्ट निमुळता आहे, त्यावर पोलादी हब जातो, हबवर पंखा, पुढून गोल प्लेट, आणि आरपार बोल्ट. मेकॅनिकने हबही उतरवला होता. शाफ्टवर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवला, हब घालून काढला आणि आत रंग कुठे लागलाय ते टॉर्चने बघत बसला. किमान ७० टक्के भागाला लागायला हवा म्हणाला. हे एका मराठी क्रियापदात कसं सांगू?

पानापकड
'हब बसला'. एवढंच. 'बसणे'मध्ये सगळं आलं. घातला, चढवला, लावला हे सगळं झालं तरी तो बसलेला असेलच असं नाही. रंग बघितल्यावरच म्हणायचं, बसला. त्यामुळे लेखात ही क्रियापदं सरमिसळ करू नका. पंखा हबवर 'चढवला', बोल्ट 'घातले', समोरासमोरचे थोडे-थोडे करत 'आवळले', मग 'बसला'.

हबला बैलगाडीच्या चाकाचा 'तुंबा' हा चोख मराठी शब्द आहे, पण दिवाळी अंकाच्या वाचकाला तो आता हबपेक्षा अवघड जाईल. पात्याच्या टोकाला आणि पुढच्या कडेला पितळी पत्रा मारलेला असेल, त्याला मात्र 'शेंबी' म्हणा. काठीच्या टोकाची शेंबी सगळ्यांना माहीत असते.

कोशकिडा
शेंबी फक्त टोकाला. कडेच्या पट्टीला शेंबी म्हणता येणार नाही.

पानापकड
बरं, कडेला 'पत्रा' आणि टोकाला 'शेंबी'. शेंबीला बारीक भोकं असतात, लाकडातला ओलावा बाहेर पडायला. रंगवताना ती बुजवू नयेत, हेही टाका लेखात. आणि विमान उभं करताना पंखा आडवा ठेवावा. उभा ठेवला की ओल खालच्या पात्यात उतरते, ते जड होतं आणि तोल बिघडतो.

सुलभा_नाशिक
'ट्रॅक' राहिला की.

वायुवेडा
हो. पात्याच्या टोकाजवळ एक लाकडी ठोकळा ठेवला, टोक जिथून गेलं तिथे खूण केली, मग अर्धा फेरा फिरवून दुसरं पातं त्याच खुणेवरून जातं का ते पाहिलं. लाकडी पंख्यात एक अष्टमांश इंचापर्यंत फरक चालतो, धातूच्या पंख्यात त्याच्या निम्मा. आमचा जरा जास्त होता. हब आणि लाकडाच्या मध्ये पातळ शिम (फट भरायची चकती) घातल्यावर मापात आला. मी 'मार्ग जुळवला' लिहिलंय.

सुलभा_नाशिक
सायकलवाला काय म्हणतो? 'चाक आऊट आहे, आऊट काढून देतो.' पंख्याचाही आऊटच काढला तुम्ही!

पानापकड
शंभर टक्के. आम्हीही 'आऊट' म्हणायचो. स्पिनर डुगडुगत असेल तर त्यालाही 'स्पिनर आऊट आहे'.

कोशकिडा
स्पिनरला 'शंकू' सुचवणार होतो, पण कबचा शंकूसारखा असतो का?

वायुवेडा
नाही, आमचा बुटका आणि गोल. मागे एक पट्टी आणि मधोमध एकच स्क्रू. जुन्याला स्क्रूच्या भोकापासून केसाएवढी चीर गेली होती.

पानापकड
मग 'टोपी'. शंकू म्हणायचं ते मागे थाळी असलेल्या टोकदार स्पिनरला, ज्याच्या कापातून पाती बाहेर येतात. तिथे थाळी तडकते, आणि पातं व पत्र्याच्या मध्ये फट ठेवावी लागते, घासता कामा नये. टोपीला ही भानगड नाही. चीर वेळेत दिसली हे बरं झालं. उड्डाणात तुकडा उडाला तर पंख्याचा तोल जातो.

वायुवेडा
टोपी पक्की. आता शेवटचा : आमच्या इंजिनाला स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवून चालू करतो. त्यामुळे नवा पंखा हबवर कुठल्या कोनात चढवायचा यावर बरीच चर्चा झाली. इंजिन दाबावर आलं, म्हणजे फिरवताना हाताला जड लागलं, की पातं हाताला सोयीच्या उंचीवर यावं, खाली ओढता यावं आणि शरीर मागे जावं, असा हिशोब. या हाताने फिरवण्याला काय म्हणू?

पानापकड
'पंखा मारणे'. 'जरा पंखा मार रे' ही आमच्याकडची रोजची हाक. फक्त लेखात त्याच्या आधीच्या ओळीत चाकांना ठोकळे लावल्याचं आणि आत ब्रेकवर जाणता माणूस बसल्याचं लिहा. फोटो टाकणार असाल तर त्यातही ठोकळे दिसू द्या.