गाडीच्या शेडखाली दिवे बसवण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई)

नमस्कार. आमच्या रो-हाऊसच्या पुढच्या अंगणात गाडी लावण्यासाठी लोखंडी चौकोनी पाइपांच्या सांगाड्यावर रंगीत पत्र्याची शेड घातलेली आहे. ती १८ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच असून घर ठाणे खाडीपासून जवळ असल्यामुळे खारी हवा बारमाही असते, आणि पावसाळ्यात झड थेट आत येते. वडिलांना रात्री गाडीतून उतरताना पायरी दिसत नाही, म्हणून दिव्यांची सोय तातडीने करायची आहे. वायरमनने पत्र्याला मधोमध भोक पाडून ५० वॅटचा एकच फ्लडलाइट बसवण्याचे सुचवले आहे. पत्रा फोडण्यास माझे मन धजत नाही. आपले मत कळवावे.

उत्तर १ (विद्युत पर्यवेक्षक, निवृत्त, ठाणे)

आपली शंका रास्त आहे. पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड उघडी पडते, तिथून गंज धरतो आणि पाणी बोल्टवरून ओघळत नेमके दिव्यावर येते. दिवे सांगाड्याच्या पाइपाला क्लॅम्पने धरावेत. त्यासाठी पाइपालाही भोक पाडावे लागत नाही.

फ्लडलाइटच्या जागेबद्दलही माझा आक्षेप आहे. मधोमध लावलेल्या दिव्याचा बहुतेक उजेड गाडीच्या टपावर पडतो आणि माणसे जिथे उतरतात, त्या दोन्ही बाजूंना गाडीचीच सावली राहते. शिवाय एवढ्या कमी उंचीवरून फ्लडलाइट डोळ्यांवर येतो, ज्याचा त्रास वयस्कर माणसांना अधिक होतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंच्या दारांच्या वर, गाडीच्या लांबीच्या दिशेने, २० वॅटची चार फुटी एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारखा लांब, पट्टीचा दिवा) एकेक लावावी. प्रत्येकीचा उजेड साधारण २००० ल्युमेन मिळतो, तो आपल्या जागेला पुरेसा आहे.

बॅटन आयपी ६५ या संरक्षण-दर्जाची घ्यावी, म्हणजे धूळ आत जात नाही आणि झडीचे पाणी बाधत नाही. मात्र वायर आत शिरते ते तोंड ढिले राहिले, तर या दर्जाला काही अर्थ उरत नाही. वायर वरून आत घेऊ नये. बाजूने किंवा खालून, ग्लँड (वायरीभोवती आवळायची जलरोधक बूच) घट्ट आवळून घ्यावी आणि शिरण्यापूर्वी तिला खाली छोटा झोळ द्यावा, जेणेकरून वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून पडेल. वायरी जिथे जोडल्या जातात त्या जंक्शन बॉक्सच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावे.

उत्तर २ (वायरमन, कोपरखैरणे)

वरील सर्व मुद्दे मान्य आहेत; तथापि अर्थिंगचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेडचा खांब लोखंडी असतो, अंगण ओले असते, आणि गाडीतून उतरणारा माणूस आधारासाठी हात नेमका त्याच खांबाला लावतो. वायरीचे इन्सुलेशन पाइपाच्या धारदार कडेवर घासून सोलले गेले, तर संपूर्ण सांगाड्यात वीज उतरू शकते. म्हणून सर्व वायर पीव्हीसी कंड्युटमधूनच (प्लास्टिकच्या नळीतूनच) न्यावी, १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरावी, अर्थिंगची तिसरी हिरवी वायर बॅटनपर्यंत पोचवावी आणि सांगाडाही अर्थिंगला जोडून घ्यावा.

या दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. विजेची गळती झाल्यास तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, कारण तो जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. घर जुने असल्यास मुळात अर्थिंग शाबूत आहे का, हे परवानाधारक माणसाकडून मोजून घ्यावे आणि नंतरच कामाला हात घालावा.

उत्तर ३ (खारघर)

रंगाबाबत एक सूचना. पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या दिव्यापेक्षा ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यावर किडे कमी येतात. पावसाळ्यात हा फरक ठळकपणे जाणवतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन बॅटन आणि आरसीसीबी हे नक्की केले. दिवे माणसाची हालचाल टिपून आपोआप लागणाऱ्या सेन्सरवर ठेवावेत का, आणि या हवेत स्क्रू कोणते टिकतील?

उत्तर १

एक बॅटन सेन्सरवर आणि दुसरी साध्या स्विचवर ठेवावी, म्हणजे वडील सावकाश उतरत असताना संपूर्ण अंधार होणार नाही. सेन्सर फाटकाच्या समोर न ठेवता बाजूला बसवावा, कारण समोरून सरळ चालत येणाऱ्या माणसापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला लवकर टिपता येतो. स्क्रू आणि क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो ३१६ प्रतीचे घ्यावेत. क्लॅम्प आणि पाइप यांच्यामध्ये रबराची पट्टी घालावी, म्हणजे पाइपाचा रंग खरवडला जाणार नाही.