पिस्तोइयाची चांदीची वेदी जवळून पाहता येते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात लेकीकडे फ्लॉरेन्सला जातोय. तिथून ट्रेनने पिस्तोइया गाठून सान झेनो कॅथीड्रलमधली संत जेम्सची चांदीची वेदी बघायची आहे. तुमच्यापैकी कोणी पाहिलीय का?

आमचं घराणं सोनारांचं. वडील देवांचे टाक आणि प्रभावळी घडवायचे, त्यामुळे हिचं वेड लागलंय. 1287 मध्ये काम सुरू झालं ते 1456 मध्ये संपलं! सोनारांच्या कित्येक पिढ्या, 628 आकृत्या, शिवाय मुलामा आणि मिनाकाम. फ्लॉरेन्सचा तो प्रचंड घुमट बांधणारा ब्रुनेलेस्की मुळात सोनार. तरुणपणी त्यानेही यातल्या काही मूर्ती केल्या. (वडिलांना हे सांगायला हवं होतं.) 1293 मध्ये व्हान्नी फुच्ची नावाच्या पिस्तोइयाच्याच माणसाने इथल्याच खजिन्यावर डल्ला मारला, आणि कवी दान्तेने आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ काव्यात त्याला थेट नरकात सापांमध्ये बसवलं.

आता मुद्द्याचं. प्रसंगपट पत्र्यावर मागून ठोकून उठवलेत हे फोटोत कळतं. पण मधोमध बसलेला संत जेम्स ओतीव आहे की तोही पत्र्याचाच? ठोक्यांच्या खुणा दिसतील इतकं जवळ जाऊ देतात का? वेदी हल्ली ज्या चॅपलमध्ये आहे तिथे वेगळं तिकीट लागतं का? आणि फोटो?

गुडघे कुरकुरतात, तेव्हा पायऱ्यांचंही सांगा. दुर्बीण नेतोच आहे, लेक हसली तरी.