मदत हवी आहे: शिक्षा संपली, पण दंडापायी भाऊ अजून आत

मंडळी, कायद्यातलं कळणारं कुणी असेल तर सांगा.

माझा चुलतभाऊ घरफोडीच्या केसमध्ये (गुन्हा 2022 चा, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 380) आत आहे. केलं ते चूकच, त्याची बाजू मी घेत नाही. निकाल लागला: दोन वर्षं कैद, दहा हजार दंड, दंड न भरल्यास आणखी सहा महिने. निकालाआधी आत काढलेला काळ वजा होऊन दोन वर्षं कधीच भरली. त्या दिवशी वहिनी त्याचे कपडे पिशवीत घालून जेलच्या दारात उभी होती. आतून निरोप आला, 'दंड भरलेला नाही, सहा महिने बाकी.' आम्हाला वाटत होतं तेही वजातच गेले!

आता त्यातले दोन महिने होत आलेत. वहिनी कांद्याच्या खळ्यावर तीनशे रुपये रोजाने जाते, पदरी दोन पोरं. सगळ्यांनी मिळून चार हजार जमवलेत. सावकार बाकीचे द्यायला तयार आहे, महिना शेकडा दहाने. ओळखीचे एक जण म्हणतात, दंड पुरता भरल्याशिवाय सोडत नाहीत. खरंय का? आणि सहा महिने पुरे काढले, तर दंड फिटला म्हणायचा का?

प्रतिसाद १
सावकाराकडे अजिबात जाऊ नका.

वजावट मूळ शिक्षेतून मिळते, दंडाबदलीच्या कैदेतून नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 मध्येच तसं लिहिलंय. निकालाच्या दिवशी हे कुणी समजावून सांगत नाही, तुमचीच नाही, बऱ्याच घरांची इथे फसगत होते.

पण पुरते दहा हजार लागत नाहीत. दंड संहितेच्या कलम 69 प्रमाणे जितकी कैद भोगली तितका दंड वळता होतो. सहापैकी दोन महिने झाले की उरले साधारण 6,667. तीन महिने झाले की पाच हजार. ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथे अर्ज द्या, हुकूम झाला की नाझरकडे (कोर्टात पैसे भरून घेणारा कर्मचारी) भरा आणि पावती घ्या. सुटकेचा कागद जेलला गेला की नाही, तेही विचारत राहा.

सहा महिने पुरे भोगले, तर एरवी वसुलीचं वॉरंट काढत नाहीत. काढायचंच तर कोर्टाला खास कारणं लिहून द्यावी लागतात.

प्रतिसाद २
त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या. कोर्टाच्याच आवारात असतं. तुरुंगातल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे, तिच्यात दंडाचे पैसेही मिळू शकतात. निकालाची झेरॉक्स न्या. फोन करायचा तर 15100.

धागाकर्ता
दोघांचे आभार. वहिनीला हिशोब वाचून दाखवला. ती म्हणाली, 'म्हणजे त्याचा आतला एक दिवस पंचावन्न रुपयांचा.' मी गप्प बसलो. उद्या दुसरा शनिवार, कोर्ट बंद. सोमवारी ती खाडा करून येतेय, अर्ज तोवर मी लिहून ठेवतो. अर्जात कलम 69 चा आकडा घातला तर चालेल ना?