काम चालू असलेल्या थीम पार्कला दसऱ्याच्या सुट्टीत पोरांना न्यावं काय?

अनगोळची_अक्का

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या घरची आणि नणंदेकडची अशी सगळी मिळून थीम पार्कला जायचं ठरवायलोय. पोरं आहेत, मोठी माणसं आहेत, आणि बरोबर सासरे आहेत, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात पण सावकाश. आता अडचण अशी की ज्या पार्कला जायचं म्हणतोय तिथं नवीन काहीतरी बांधायचं काम जोरात चालू आहे, असं नुकत्याच जाऊन आलेल्या शेजारणीनं सांगितलं.

ह्यावरून मी एवढी घाबरले त्याला कारण आहे. मे महिन्यात आम्ही दुसऱ्या एका पार्कला गेलो होतो, नाव लिहीत नाही. तिकीट काढून, बॅगा तपासून, हाताला पट्टा बांधून आत गेलो आणि मग फळ्यावर कळलं की मोठा रोलर कोस्टर बंद, लहान पोरांचा पाण्याचा भाग बंद. मधला झाडाखालचा रस्ता पत्रे मारून अडवलेला, त्यामुळं एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जायला उन्हातनं सगळा वळसा. जेवायच्या शेडच्या पाठीमागंच काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू होता, धाकटी एका हातानं कान दाबून दुसऱ्या हातानं खात होती. आणि थोरला, त्याची उंची ह्या वर्षीच त्या कोस्टरच्या पट्टीला लागली होती, घरात भिंतीला पेन्सिलीनं खूण करून करून तो वाट बघत होता. त्याला काय सांगणार? विचारलं तर म्हणाले तिकिटाच्या मागं लिहिलंय, कुठलीही राईड न सांगता बंद होऊ शकते.

काम चालू असणं चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही, नवीन काय बांधलं नाही तर पार्क चालणार कसा. पण पैसे पूर्ण घेऊन आत गेल्यावर सांगायचं हे मला पटत नाही. तर आता जावं, का काम संपेपर्यंत थांबावं? आणि जायचं तर आधी काय काय विचारून घ्यावं?

खडेबाजार_कापडवाला

जावा की ओ अक्का. पोरांना पत्रं दिसत न्हाईत, पोरांना राईड दिसते. आमचा बारका तर जेसीबी बघत उभारलावता, त्याला हलवताना नाकी नऊ आले. काम संपायची वाट बघत बसलासा तर पोरं कॉलेजला जातील.

सावगाव_साइट

मी बांधकाम लाईनमध्येच आहे, फॅक्टरी आणि मॉल चालू असताना आत काम करायचं हा आमचा रोजचा धंदा. अक्का, तुम्ही जे लिहिलंय त्यात दोन वेगळी कामं एकत्र आलीत, ती आधी सोडवून घ्या.

कोस्टर बंद होता ते बहुतेक बांधकाम नव्हे, मेंटेनन्स असणार. वर्षातनं एकदा गाडी रुळावरनं उतरवून पूर्ण खोलतात, पॉलियुरेथेनची चाकं बदलतात, मांडीवर येणारा बार आणि त्याचं लॉक तपासतात, वेल्डिंगला डोळ्यांना न दिसणारी चीर गेलीय काय ते मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टनं बघतात. हे व्हायलाच पाहिजे, ह्याच्यावर कुणी तक्रार करू नये, त्या गाडीत आपलंच पोर बसणार असतं. पण ते मे महिन्यात का? अमेरिकेत हीच कामं जास्त करून जानेवारी-फेब्रुवारीत काढतात, गर्दी नसते म्हणून. आपल्याकडं पाऊस आहे, परीक्षेचे दिवस आहेत, तेव्हा काढायची.

राहिलं बांधकाम. त्यातलं काय थांबवता येतं आणि काय येत नाही हे मी सांगतो. स्लॅब टाकायला घेतला की मध्ये थांबता येत नाही, तयार काँक्रीटच्या (आरएमसी) गाड्या एकामागून एक आल्याच पाहिजेत, त्यामुळं तो आवाज एक दिवस सोसावा लागतो किंवा रात्री ओतायचं. पण ब्रेकर, कटर, ग्राइंडर ही कामं पार्क उघडायच्या आधी सकाळी किंवा संध्याकाळी बंद झाल्यावर सहज करता येतात, जरा पैसे जास्त जातात एवढंच. धूळ तर पाणी मारलं आणि हिरवी जाळी दोन पदरी बांधली की निम्म्याच्या वर बसते. जेवणाच्या वेळेला जेवणाच्या शेडमागं ब्रेकर लावणं हा कामाचा नाइलाज नव्हे, कुणी विचारच केला नाही त्याचा. सुपरवायझरला एक फोन केला असता तर थांबला असता.

आणि गर्दीचं गणित बघा. एका मोठ्या राईडवर तासाला हजारएक माणसं बसून जातात. ती बंद झाली की ती हजार माणसं घरी जात नाहीत, दुसऱ्या राईडच्या लाइनीत उभारतात. म्हणून एकच राईड बंद असली तरी सगळ्या पार्कात गर्दी वाटते.

शहापूर_ते_ऑर्लँडो

बेळगाव सोडून बरीच वर्षं झाली, आता फ्लोरिडात नोकरी करतो, घरी पाहुणे आले की डिस्नी चुकत नाही. त्यामुळं पत्र्याआडचं पार्क म्हणजे काय ते इथं भरपूर बघितलंय.

डिस्नीचं एपकॉट म्हणून पार्क आहे, त्याचा मधला भाग २०१९ ला अडवला तो २०२३ च्या डिसेंबरात बराचसा मोकळा झाला, राहिलेला २०२४ च्या जूनमध्ये. मध्ये कोविड आला हे खरं, पण तेवढ्या वर्षांत जी पोरं आली ती पत्र्यांच्या गल्लीतनंच दाराजवळचा तो मोठा गोळ्यासारखा घुमट बघून गेली. पत्रे म्हणजे आपल्यासारखे गंजके नव्हेत, रंगवलेले, पुढं काय होणार त्याची चित्रं लावलेली. बघायला नको वाटणाऱ्या गोष्टींना द्यायला डिस्नीवाल्यांचा एक फिका करडट हिरवा रंगच आहे, लोक त्याला ‘गो अवे ग्रीन’ म्हणतात, नजर त्याच्यावर ठरत नाही. पॅरिसच्या डिस्नीलँडला २०२१ मध्ये किल्ल्याची डागडुजी काढली तेव्हा आख्ख्या किल्ल्यावर किल्ल्याचंच चित्र छापलेलं कापड चढवलं होतं.

पण हे सगळं डोळ्यांसाठी झालं. पायांचं काय? रस्ता अर्धा झाला की व्हीलचेअर, बाबागाडी, घाईतली माणसं, सावकाश चालणारी माणसं सगळी एकाच पट्ट्यात. माझी आई आली होती तेव्हा राईड बंद असल्याचं तिला काहीच वाटलं नाही, बसायला बाक नाही ह्याचाच त्रास जास्त झाला, कारण जिथं बाक आणि झाडं होती तोच भाग अडवलेला. २०२५ च्या जुलैत इथल्याच डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कातली नदी कायमची बंद केली, नवीन भाग बांधायला. १९७१ ला पार्क उघडल्यापासूनची ती. राईड म्हणून तिथं फार लोक जात नसतील पण काठावर सावलीत निवांत बसायची जागा होती, ती गेली. बांधकामात पहिला बळी अशाच जागांचा जातो, कारण राईड बंद केली तर बोंब होते, बाक काढला तर कुणी काय म्हणत नाही.

एक मात्र चांगलं करतात, कुठली राईड कधीपासून बंद ते आधीच वेबसाइटवर टाकतात. त्या नदीचं तर काही महिने आधी जाहीर केलं होतं, लोक मुद्दाम शेवटचं बघायला आले. सांगून केलं की माणूस ठरवून येतो, चिडून परत जात नाही. कापडवाले दादा, पोरांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, पण अक्कांबरोबर सासरे आहेत.

खडेबाजार_कापडवाला

ते मात्र खरं. आमच्या दुकानापुढं रस्ता खणलेला तेव्हा बघितलंय मी, खड्ड्यावर धड फळी टाकली त्या दिवशी गिऱ्हाईक आलं, फळी हलत होती त्या दिवशी म्हाताऱ्या बायका परत फिरल्या. सासऱ्यांचं बघूनच ठरवा अक्का.

जांबोटी_रायडर

मला एक सांगा, काम चालू आहे तर तिकीट कमी का करत नाहीत? हॉटेलात एसी बंद असला तर रूमचे पैसे कमी करतात की.

शहापूर_ते_ऑर्लँडो

इथंही सहसा कमी करत नाहीत. पण इथं एक कोस्टर बंद असला तरी दुसरे ढीगभर असतात. आपल्याकडच्या पार्कात खरे मोठे कोस्टर हाताच्या बोटावर मोजावेत इतके, त्यातला एक गेला म्हणजे मोठ्या पोरांचा निम्मा दिवस गेला. म्हणून माझ्या मते सूट द्यायची गरज आपल्याकडंच जास्त आहे. सूट नाही तर निदान वर्षाच्या आत परत यायला एक पास द्या, त्यांचं काय जातं, लोक परत आले तर खायला पैसे खर्च करणारच.

एक गोष्ट मात्र धीर धरण्यासारखी. कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर म्हणून डिस्नीचं पार्क आहे, २००१ ला उघडलं तेव्हा लोकांना फार आवडलं नव्हतं. २००७ ला सगळं बदलायचं जाहीर केलं, २०१२ च्या जूनमध्ये ‘कार्स’ सिनेमातल्या मोटारींचा नवा भाग उघडला आणि गर्दी मावेना. मधली वर्षं लोकांनी पत्रेच बघितले. काम वाईट नव्हे, पण ती मधली वर्षं ज्यांच्या वाट्याला येतात त्यांचं पण बघायला पाहिजे ना.

कोर्टरोड_बेळगाव

अक्का, मे महिन्याच्या अनुभवाबद्दल थोडं लिहितो. तिकिटाच्या मागं लिहिलं म्हणून सगळं माफ होत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवून केलेली जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात धरली जाते. आता ऐनवेळी बिघाड होऊन राईड बंद पडणं वेगळं, त्यात पार्कचा दोष काढणं अवघड. पण आठवडाभर आधीपासून बंद असलेल्या राईडचा फोटो वेबसाइटच्या पहिल्या पानावर ठेवून तिकीट विकणं, ह्याच्यावर नक्की बोलता येतं.

आपल्या सीमाभागातल्या लोकांना उपयोगी पडेल असं एक त्या कायद्यात आहे. पार्क महाराष्ट्रात असो नाहीतर बेंगळुरात, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे इथं बेळगावात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ ह्या हेल्पलाइनवर फोन करून बघा, बऱ्याच वेळा तिथंच मिटतं. बंद राईडच्या फळ्याचा फोटो, तिकीट आणि त्या दिवशीचा वेबसाइटचा स्क्रीनशॉट एवढं पाहिजे.

अनगोळची_अक्का

फळ्याचा फोटो आहे. स्क्रीनशॉट नाही. ह्या वेळी तिकीट काढतानाच काढून ठेवते.

निपाणी_हायवे

मूळ प्रश्नाकडं येतो. दसऱ्याची सुट्टी हे आपलं नशीब आहे बघा. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याला मोठी सुट्टी, आणि महाराष्ट्रात शाळा चालू, त्यांची मोठी सुट्टी दिवाळीला. म्हणजे खोपोलीच्या बाजूला इमॅजिकाला जाणार असाल तर मंगळवार-बुधवार धरा, पुण्या-मुंबईची पोरं शाळेत असतात, लाइन कमी. साइटवाले म्हणाले ते गर्दीचं गणित तिथं आपल्या बाजूनं फिरतं, एखादी राईड बंद असली तरी बाकीच्यांवर तेवढा ताण येत नाही. बेंगळूरजवळ बिडदीला वंडरला पार्कला जाणार असाल तर उलटं, सगळ्या कर्नाटकाला एकदमच सुट्टी, तिथं काम चालू असताना दसऱ्यात जाऊ नये असं माझं मत. तिकडं जायचं तर सुट्टी सोडून शनिवार-रविवारला जोडून एखादा दिवस रजा काढा. बेळगावहून आता वंदे भारत पण आहे, पहाटे निघून दुपारी बेंगळूर.

खोपोलीला गाडीनं जाताना मात्र पार्कातलं काम राहू द्या, आधी रस्त्यातलं काम आहे. कागल ते सातारा सहापदरीकरणात जागोजागी डायव्हर्जन, सगळं मिळून चारशेच्या वर किलोमीटर. सासऱ्यांना घेऊन एका दिवसात जाऊन लगेच पार्कात शिरू नका, पुण्यात किंवा लोणावळ्यात मुक्काम करा. दमून पोचलेल्या माणसाला जाग्यावर असलेला पार्क पण अर्धाच दिसतो.

सावगाव_साइट

फोन करून हे विचारा: कुठल्या राईड कुठल्या तारखेपर्यंत बंद, मुख्य रस्ता अडवलाय काय आणि अडवला असेल तर वळसा सावलीतनं आहे का उन्हातनं, व्हीलचेअर त्या वळशानं जाते काय का मध्ये पायऱ्या आहेत, आणि जेवायच्या जागेजवळ काम आहे काय. ‘सब चालू है मॅडम’ असं म्हणाले तर एकेका राईडचं नाव घेऊन विचारा. बुकिंगवाल्याला बऱ्याच वेळा माहीत नसतं, तो विकायला बसलेला असतो, गेस्ट रिलेशनला, म्हणजे आलेल्या लोकांची चौकशी-तक्रार बघणाऱ्यांना, जोडून द्या म्हणावं.

अनगोळची_अक्का

आज केला फोन. पहिला माणूस खरंच म्हणाला सगळं चालू आहे. नावं घेऊन विचारल्यावर त्यानं दुसऱ्या बाईंना दिला, त्या मात्र चांगल्या बोलल्या. मोठे कोस्टर दोन्ही चालू, काम एका कोपऱ्यात आहे, तिकडची एक लहान पोरांची राईड बंद, वळसा आहे पण पायऱ्या नाहीत, रॅम्प आहे. व्हीलचेअर मिळते, डिपॉझिट भरून, पण मोजक्याच असतात म्हणाल्या, आधी येणाऱ्याला आधी. ब्रेकरचं विचारलं तर म्हणाल्या सकाळी अकरानंतर आवाजाचं काम नसतं.

तर जायचं ठरलं, बुधवारी. आदल्या दिवशी लोणावळ्यात मुक्काम. व्हीलचेअर इथून भाड्यानं घेऊन जावी का तिथं मिळेल ह्या भरवशावर राहावं?

निपाणी_हायवे

इथूनच न्या. घडीची असते, डिकीत बसते, मेडिकल सामान भाड्यानं देणाऱ्यांकडं मिळते.

कोर्टरोड_बेळगाव

आणि त्या बाईंनी जे सांगितलं ते व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर लिहून मागून घ्या, तारखेसकट. तिकीट त्याच्यानंतर काढा.