मदत हवी आहे: मायच्या गुडघ्यातून काढलेला सांधा दवाखाना देत नाही

मायचा गुडघा २०२२ मध्ये बदलला. कृत्रिम सांधा सैल झाला, गेल्या महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात माल खराब, कंपनी म्हणते बसवण्यात चूक. काढलेला सांधा दवाखान्याकडेच आहे. मागितला तर "तुम्हाला काय करायचाय?" (तिच्या हाडातून निघालेली वस्तू, अन् हे आम्हाला विचारतात!) लेखी अर्जाची पोच आहे, उत्तर नाही. बिलं आहेत, बॅच नंबरचं स्टिकर नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार उत्पादकावरही दावा होतो, तोही राहत्या जिल्ह्यात, म्हणजे आमच्या परभणीत. मुदत २ वर्षं, एवढं माहीत आहे. वकिलाची फी सध्या झेपत नाही.

मुदत पहिल्या ऑपरेशनपासून मोजतात की बिघाड कळल्यापासून? आणि सांधा जपून ठेवण्याचा आदेश ग्राहक आयोगाकडून (जिथे हा दावा चालतो) लगेच मिळतो का?