प्रतिसाद: जळगावहून पोरासोबत कोकण, मे महिना

भाऊ, तुम्ही म्हणताय चौदा वर्षांच्या पोराला घेऊन सात दिवसांत जळगाव ते गोवा, हायवेने सुसाट. मी म्हणतो गोवा सोडा! दोन वर्षांपूर्वी मी माझ्या पोराला घेऊन गेलो होतो, संभाजीनगर-पुणेमार्गे, पुण्यात मुक्काम, सकाळी ताम्हिणी उतरून माणगाव आणि तिथून हरिहरेश्वर. तिथून पुढे हायवे धरायचाच नाही, किनाऱ्याकिनाऱ्यानेच जायचं, आणि मधल्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. बागमांडला-वेश्वी सावित्रीवर, दाभोळ-धोपावे वाशिष्ठीवर, तवसाळ-जयगड शास्त्री नदीवर, मग गणपतीपुळे आलंच. तीन बोटी, गाडीसकट.

दाभोळला बोटवाल्याने गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावली, माझे हात थरथरत होते आणि पोरगं खाली उभं राहून "पप्पा लेफ्ट, अजून लेफ्ट" ओरडत होतं, घरी दहावीच्या अभ्यासावरून तोंड न उघडणारा हाच तो पोरगा.

बाकी उन्हाचं काय सांगू, आपल्या चव्वेचाळीसच्या कोरड्या उन्हाची सवय असलेला माणूस तिथल्या तेहेतीसला घामाने चिंब होतो, शर्ट सुकतच नाही. त्यामुळे अकरा ते चार रूमवर झोपा काढा नाहीतर गाडीत एसी लावून पुढचा टप्पा उरकून घ्या. आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी न्याच, चौथ्या दिवशी मासे-सोलकढी खाऊन आपल्या जिभेला तिखटाची आठवण येतेच 😄